गो, वेंट, गॉन

इंग्रजी शाळांतून मुलांनी तोंडपाठ केलेल्या तीन रूपांमध्ये ‘गो, वेंट, गॉन’ अग्रभागी असते. ‘गो’ला ‘वेंट’ कुठून चिकटले? ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. मराठीतही हेच घडले आहे: ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूतून आले, ‘गेला’ मात्र ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. म्हणजे मराठी मुलाला हा प्रकार परका नाही, हे शिकवताना आवर्जून सांगायला हवे.

खरी अडचण वापरात येते. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे तो मुंबईला गेला आहे, अजून परतलेला नाही. जाऊन आला असेल, तर ‘ही हॅज बीन टू मुंबई’. ‘डिड’ आले की ‘वेंट’ नको: ‘डिड यू गो?’ आपली ‘लाइट गेली’, तर इंग्रजीत ‘द पॉवर वेंट आउट’. तिथले ‘आउट’ गाळू नये. दूध नासले की ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉन ऑफ’.