घराचा सांगाडा आधी कागदावर
संगणकावर घराचा आराखडा काढणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, विहिरीचे काम धरण्यापूर्वी जागेची पाहणी करावी, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. घर बांधताना मात्र हीच दक्षता पुष्कळदा सुटते. दोन-तीन हंगामांची शिल्लक एकत्र करून बांधकाम सुरू होते आणि खांब कोठे यावा, तुळई कशावर टेकावी, हे प्रश्न गवंडी व सुतार जागेवर उभे राहिल्यावर निघतात. तेव्हा घेतलेला निर्णय घाईचा असतो आणि तो पुढे पन्नास वर्षे बदलता येत नाही.

आता ही अडचण पुष्कळ अंशी दूर करता येते. घराचा आराखडा काढण्याची सॉफ्टवेअर संगणकावर सहज मिळतात. ‘स्वीट होम थ्रीडी’, ‘लिब्रेकॅड’ व ‘फ्रीकॅड’ ही तर विनामूल्य आहेत. घरातील शिकलेली मुले ती थोड्या सरावाने चालवू शकतात. पहिल्याने खोल्यांची मांडणी लवकर दिसते. दुसरे सपाट रेखाटनास सोयीचे आहे. तिसऱ्यात लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांनी सांगाडा उभा करता येतो. तथापि, पडद्यावर दिसणारे सुबक चित्र म्हणजे टिकाऊ घर नव्हे. भिंतींचा रंग निवडण्यापूर्वी छपराचे ओझे जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हे आखले पाहिजे. त्या आखणीसच सांगाड्याचा आराखडा म्हणतात.

सांगाड्याचे महत्त्व

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे घराखाली सापडून मृत्यू पावली. त्या भागातील घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या व फार जाड होत्या, आणि माथ्यावर मातीच्या जाड थराचे माळवद होते. भिंतींच्या दोन बाजूंचे दगड एकमेकांत नीट गुंतलेले नसल्याने त्या फुटून ढासळल्या. परंतु ज्या घरांचे माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांब व तुळयांच्या चांगल्या जोडलेल्या खणांवर टेकलेले होते, त्यांपैकी काही घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला आणि छप्पर खाली आले नाही. खणाचे घर बांधण्याची जुनी रीत किती शहाणपणाची होती, आणि सांधा व भिंत कच्ची राहिल्यास ती किती अपुरी पडते, हे दोन्ही त्या पहाटे दिसून आले.

संगणकावर घर आखतानाही म्हणूनच प्रथम खण आखावेत व भिंती नंतर घालाव्यात.

आखणीपूर्वीची तयारी

प्रथम जागेची मापे फितीने घ्यावीत. चारी बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. काटकोनी जागेचे दोन्ही कर्ण सारखे भरतात; ते सारखे नसतील तर जागा गुण्यात नाही, असे समजावे. कोपरा तपासण्याची गवंड्यांची जुनी युक्ती येथेही उपयोगी पडते. कोपऱ्यापासून एका बाजूस १२ फूट व दुसऱ्या बाजूस १६ फूट मोजून खुणा कराव्यात. दोन खुणांमधील अंतर बरोबर २० फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे.

जमिनीचीही परीक्षा करावी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टिकत नाही. एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे व ते माप आराखड्यावर नोंदवावे.

सॉफ्टवेअर वापरताना

१. पहिली रेघ ओढण्यापूर्वी मापाचे एकक ठरवावे. आपल्याकडे लाकूड घनफुटांत, लोखंडी सळई मिलिमीटरमध्ये आणि जागा फुटांत मोजतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. एकाच आराखड्यात दोन एकके मिसळली तर चूक पडद्यावर दिसत नाही, ती वखारीत दिसते.

२. तयार सांगाड्यावर विसंबू नये. परदेशी बनावटीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये एक कळ दाबताच भिंतींत लाकडी उभ्या पट्ट्यांचा सांगाडा आपोआप भरला जातो. तो अमेरिका व कॅनडा येथील लाकडी घरांचा असतो. तेथे दर १६ इंचांवर एक पट्टी उभी करण्याचा प्रघात आहे, आणि ‘दोन बाय चार’ या नावाने विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचीच असते. आपल्या दगडविटांच्या घरास तो सांगाडा लागू पडत नाही. ही सोय बंद ठेवावी आणि खांब, तुळई, आढे, वासे स्वतः घालावेत. वखारीतील लाकडाची खरी जाडी-रुंदी मोजून तेवढीच भरावी. रंधा मारल्यावर ती आणखी कमी होते हेही ध्यानात ठेवावे.

३. खांबांच्या रेषा आधी आखाव्यात. आडव्या रेषांना अ, ब, क व उभ्या रेषांना १, २, ३ अशी नावे द्यावीत. मापे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत लिहावीत. मग ‘ब-२ चा खांब’ म्हटले की गवंडी, सुतार व घरधनी तिघांच्याही डोळ्यांपुढे एकच खांब येतो.

४. प्रत्येक अंगाचा थर वेगळा ठेवावा. पाया व जोते, खांब व तुळया, छप्पर, भिंती, दारे-खिडक्या असे निरनिराळे थर करता येतात व हवे तेव्हा झाकता येतात. भिंतींचा थर झाकून पाहावे. भिंती नाहीशा झाल्यावरही छप्पर कशावर तरी टेकलेले दिसले पाहिजे. अधांतरी दिसले तर त्या घरात भिंतीच छप्पर तोलणार आहेत असे समजावे, आणि मग त्या भिंती तितक्या भक्कम आखल्या पाहिजेत.

५. ओझ्याची वाट बोटाने तपासावी. वाशावरून पाटावर अथवा तुळईवर, तेथून खांबावर वा भिंतीवर, आणि तेथून पायावर, असा क्रम कोठेही तुटता कामा नये. वरच्या मजल्याचा खांब खालच्या खोलीच्या मधोमध उतरतो, ही नवशिक्यांच्या आराखड्यातील नेहमीची चूक होय.

६. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवाव्यात. जोत्यावर, दारांच्या माथ्यावर व छपराखाली सर्व भिंतींना बांधून घेणारे अखंड पट्टे दाखवावेत. भूकंपप्रवण भागात हे पट्टे घराच्या कमरपट्ट्यासारखे काम करतात.

छपराचा हिशेब

समजा, घर १६ फूट रुंद व २४ फूट लांब आहे आणि आढे मधोमध आहे. भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ६ फूट धरली, तर अर्धी रुंदी ८ फूट व उंची ६ फूट यांवरून वाशाची तिरपी लांबी १० फूट येते. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून वळचणीस आणखी २ फूट धरले की वासा १२ फुटांचा झाला.

वासे दोन-दोन फुटांवर घालावयाचे असतील तर २४ फुटांत १२ गाळे पडतात. परंतु वासे १३ लागतात, कारण पहिल्या गाळ्याच्या आधीही एक वासा असतोच. दोन्ही पाख्यांचे मिळून २६ वासे झाले. वासा ३ बाय ४ इंचांचा धरल्यास प्रत्येकास बरोबर १ घनफूट, म्हणजे एकूण २६ घनफूट लाकूड लागेल. गाळे मोजून वासे ठरविणारा २४ घनफूटच आणील व ऐन पावसाच्या तोंडावर त्याचे काम अडेल. हे उदाहरण केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी दिले आहे. वाशाची जाडी व अंतर लाकडाची जात, कौलांचे वजन व वारा पाहून ठरवावयाचे असते.

वाऱ्याचा विचार तर कोकणात कधीच टाळू नये. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडविले. वादळी वारा छपरास नुसता ढकलीत नाही, तो त्यास वर उचलतो. म्हणून पत्रा ते वासा, वासा ते पाट, पाट ते खांब आणि खांब ते पाया असा प्रत्येक सांधा बोल्ट, पट्टी अथवा हुक यांनी कसा बांधणार, हे मोठ्या मापात वेगळे काढून दाखवावे. पडद्यावर दोन रेघा टेकल्या म्हणजे सांधा झाला असे नाही.

छापील प्रत व सल्ला

आराखडा छापताना ‘कागदावर मावेल तसे’ ही सूचना छापयंत्रास देऊ नये. तिने प्रमाण बिघडते. एका फुटास पाव इंच असे प्रमाण धरले तर वरील घर ६ बाय ४ इंचांत बसते व नेहमीच्या कागदावर सहज मावते. कागदावर प्रमाणपट्टी काढावी आणि छापून झाल्यावर ती फूटपट्टीने ताडून पाहावी. पाया, सांगाडा, छप्पर, उभा छेद व सांधे अशी निरनिराळी पाने करावीत. प्रत्येक बदलानंतर जुनी प्रत पुसून न टाकता नवी प्रत तारीख घालून जपावी.

ही पाने प्रथम सुतारास व गवंड्यास दाखवावीत. कोणता सांधा हत्याराने करता येणार नाही, कोठे हात पोहोचणार नाही, हे तेच सांगू शकतात. त्यानंतर परवानाधारक अभियंत्याकडून खांब, तुळया व पाया यांची मापे तपासून घ्यावीत. ही पायरी खर्च वाचविण्यासाठी कदापि गाळू नये. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला वीस फुटांची बारीक तुळई आखावयास सांगितली तर ते मुकाट्याने आखून देते. ती वाकेल किंवा मोडेल, असे ते बजावीत नाही. शेवटी ग्रामपंचायतीची व जेथे लागू असेल तेथे नियोजन प्राधिकरणाची परवानगी घेऊनच काम सुरू करावे.

संगणकावर खांब सरकविण्यास काही खर्च येत नाही. चुन्याची रेघ पुसण्यास थोडा येतो. उभा खांब पाडण्यास मात्र हंगामाची कमाई जाते. यास्तव शेतकरी बंधु-भगिनींनी चुका कागदावरच करून घ्याव्यात, व तेथेच दुरुस्त कराव्यात. ज्या छपराखाली रात्री सारे कुटुंब निश्चिंत झोपते, त्याचा भार कशावर आहे, हे घरातील प्रत्येकास आराखड्यावर बोट ठेवून दाखविता आले पाहिजे.