जन्मजात झुकलेली पापणी: शस्त्रक्रियांचा आढावा

बाळाची एक पापणी अर्धवट मिटलेली दिसली की घरात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘अजून झोपेत आहे’, ‘मोठेपणी उघडेल आपोआप’, ‘ग्रहणात काहीतरी पाळायचं राहिलं असेल’. शेवटचं वाक्य आईला विनाकारण अपराधी ठरवतं, पण मधलं अधिक घातक आहे. जन्मजात पडलेली पापणी वयाबरोबर उघडत नाही, आणि वाट बघण्यात गेलेला काळ काही मुलांच्या दृष्टीच्या मुळावर येतो.

वरची पापणी उचलण्याचं काम मुख्यतः लेव्हेटर हा स्नायू करतो. या मुलांमध्ये तो गर्भातच नीट घडलेला नसतो; स्नायूच्या तंतूंऐवजी तिथे चिवट तंतुमय ऊती आणि चरबी असते. असा स्नायू नीट आकुंचन पावत नाही, तसा सैलही पडत नाही. म्हणूनच मूल खाली बघतं तेव्हा दोष असलेली पापणी निरोगी पापणीपेक्षा किंचित वर अडकून राहते. पायाशी पडलेलं खेळणं शोधणाऱ्या मुलाकडे आईने नीट पाहिलं, तर ही खूण तिलाही दिसेल. डॉक्टर या विकाराला टोसिस म्हणतात.

शस्त्रक्रियेची निवड एका आकड्यावर ठरते आणि तो आकडा साध्या पट्टीने मिळतो. डॉक्टर अंगठ्याने भुवई हाडावर दाबून धरतात, म्हणजे कपाळाच्या स्नायूची मदत बंद होते. मग मुलाला आधी जमिनीकडे, नंतर छताकडे बघायला लावतात आणि पापणीची कड किती मिलिमीटर सरकली ते मोजतात. निरोगी पापणी 15 मिलिमीटरच्या आसपास सरकते. 4 किंवा त्याहून कमी भरलं, तर त्या स्नायूत दम नाही असं समजायचं. तान्ह्या बाळाला सूचना देता येत नाहीत. तिथे पापणी उलटून धरतात आणि बाळाने वर पाहिल्यावर ती आपली आपण सरळ होते का, ते बघतात. माझं ठाम मत आहे की पालकांनी ‘कोणती पद्धत सगळ्यात नवी?’ हे विचारण्याआधी हा आकडा विचारावा.

शस्त्रक्रिया कधी करायची हे बुबुळाच्या मधोमध असलेल्या बाहुलीवर ठरतं. पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याकडून मेंदूला चित्रच पोचत नाही, आणि मेंदू त्या डोळ्याची दखल घेणं सोडून देतो. आळशी डोळा म्हणतात तो हाच. अशा बाळाला पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया लागू शकते. बाहुली मोकळी असेल तर साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं, कारण तेव्हा मापं खात्रीची मिळतात. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. या मुलांना तिरकस नंबर लागण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि नियमित तपासणी चालूच ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट आधी बघतात. दूध पिताना किंवा चावताना पापणी फडकते का? जबड्याची नस चुकून पापणीच्या स्नायूशी जोडली गेल्याचं ते लक्षण असतं. लंडनच्या मार्कस गन यांनी 1883 मध्ये त्याचं वर्णन केलं. तिथे शस्त्रक्रियेचा बेत वेगळा आखावा लागतो.

त्याच वर्षी जर्मनीत एव्हरबुश यांनी लेव्हेटर आखूड करून शिवण्याची शस्त्रक्रिया मांडली. आजही स्नायूत बऱ्यापैकी ताकद असेल तर हीच पद्धत पहिली. गंभीर टोसिसमध्ये मात्र तिला मर्यादा पडतात, कारण आखूड केलं तरी जो स्नायू ओढतच नाही तो ओढणार कसा? काही सर्जन अशा वेळी तो जास्तीत जास्त कापून पापणी वर बसवतात. एकाच बाजूचा दोष असेल तर हा पर्याय विचारात घेतला जातो.

गंभीर टोसिसचा मुख्य मार्ग कपाळातून जातो. ही मुलं मुळातच भुवया ताणून, हनुवटी वर करून बघत असतात. तीच ताकद वापरायची: पापणीची कड आणि भुवईवरचा फ्रंटॅलिस स्नायू यांना त्वचेखालून एका पट्टीने जोडायचं. फ्रंटॅलिस स्लिंग ती हीच. पट्टी कशाची, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ प्रयोग चालले आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं चिवट आवरण, फॅशिया लाटा, पायर यांनी 1909 मध्ये वापरलं. टोरांटोच्या क्रॉफर्ड यांनी 1956 मध्ये त्याची पद्धत बसवून दिली. गुडघ्याच्या वर बाहेरच्या बाजूला छोटा छेद घेऊन लांब, अरुंद पट्टी काढतात आणि तिचे तुकडे पापणीत दोन त्रिकोणांच्या आकारात ओवतात. स्वतःच्याच शरीराची असल्याने ती रुजते आणि वर्षानुवर्षं टिकते. अडचण एवढीच की पुरेशी पट्टी मिळायला मूल तीन-चार वर्षांचं व्हावं लागतं, आणि मांडीवर व्रण राहतो.

तान्ह्या बाळासाठी म्हणून सिलिकॉनची बारीक दोरी वापरतात. ती लवचिक असते, नंतर घट्ट-सैल करता येते, गरज पडल्यास काढताही येते. काळाने ती सैल पडून पापणी पुन्हा उतरू शकते, क्वचित जंतुसंसर्ग होतो. तरी दृष्टी वाचवायची घाई असेल तेव्हा मला हीच निवड योग्य वाटते. मांडीची पट्टी पुढे आहेच. कृत्रिम जाळ्या आणि धागेही आहेत. फ्रंटॅलिसचाच पदर खाली ओढून पापणीला शिवण्याची पद्धतही काही ठिकाणी करतात.

एकच डोळा झुकलेला असेल तर पेच पडतो. चांगल्या डोळ्याने काम भागतं, मग मूल भुवई उचलणार कशाला? स्लिंग नीट बसूनही पापणी खालीच राहते. यावर अमेरिकेतील बिअर्ड यांनी निरोगी बाजूचा लेव्हेटर निकामी करून दोन्हीकडे स्लिंग घालण्याचा उपाय सुचवला. कॅलहन यांनी निरोगी स्नायूला हात न लावता दोन्हीकडे स्लिंग घातली. दोन्ही डोळे सारखे दिसतात, हे खरं. पण निरोगी स्नायू कापायला माझं मन तयार होत नाही. आधी फक्त दोषाच्या बाजूला स्लिंग आणि जोडीला चांगल्या डोळ्यावर पट्टीचे उपचार, हा क्रम मला पटतो.

या सगळ्या शस्त्रक्रियांची एक किंमत असते आणि ती आधी सांगितली गेली पाहिजे. उचललेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही. पहिल्या रात्री नातवाचा डोळा उघडा पाहून आजी घाबरते, आणि कुणी कल्पना दिलेली नसेल तर शस्त्रक्रिया फसली असंच घरच्यांना वाटतं. झोपताना डोळा आपोआप वर फिरतो, त्यामुळे बुबुळाचं बऱ्यापैकी रक्षण होतं. ज्या मुलांचा तसा फिरत नाही त्यांची पापणी सर्जन मुद्दाम कमी उचलतात. दिवसा थेंब, रात्री मलम यात खंड पडला तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. डोळा लाल झाला किंवा मूल उजेड टाळू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तुमच्या घरात, शेजारी किंवा अंगणवाडीत हनुवटी वर करून बघणारं मूल असेल, तर त्याला ‘मान खाली घे’ म्हणून दटावू नका. त्याला बालनेत्रतज्ज्ञाकडे न्या, आणि जाताना जन्मापासूनचे फोटो सोबत ठेवा.