माती किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटरचा कारखाना मार्च 2001 मध्ये बंद झाला. पारा लागलेल्या काचांचा कचरा गावातील भंगारवाल्याकडे सापडल्यानंतर हिंदुस्थान लिव्हर (आताची हिंदुस्थान युनिलिव्हर) या मुंबईस्थित कंपनीने तेथील उत्पादन थांबवले. 2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त कचरा अमेरिकेला पाठवण्यात आला. आवारातील माती मात्र तिथेच राहिली आणि वाद एका आकड्याभोवती फिरू लागला : किलोभर मातीत किती पारा राहू द्यावा?

दूषित जमीन पूर्णपणे पूर्ववत करणे बहुधा शक्य नसते. त्यामुळे अनेक देश जोखमीवर आधारित निकष लावतात. विषारी द्रव्य, ते पसरण्याचा मार्ग आणि त्या मार्गाच्या टोकाशी असलेला जीव हे तिन्ही एकत्र आले तरच धोका संभवतो, हे त्यामागचे तत्त्व. साहजिकच जमिनीचा वापर बदलला की मर्यादाही बदलते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2009 मध्ये धातुरूप पाऱ्यासाठी निवासी जमिनीत किलोमागे 1 मिलीग्रॅम, तर व्यापारी जमिनीत 26 मिलीग्रॅम ही मार्गदर्शक पातळी दिली. धातुरूप पाऱ्याची वाफ होते आणि ती बंद घरात श्वासावाटे शरीरात जाते. क्षाररूप पाऱ्यासाठी मात्र तीच निवासी पातळी 170 होती. म्हणजे पारा किती, याइतकेच तो कोणत्या रूपात आहे हेही महत्त्वाचे.

कोडाईकनालसाठी सुरुवातीला डच निकषानुसार 10 मिलीग्रॅमचा विचार झाला. पुढे 20 मिलीग्रॅम ही मर्यादा स्वीकारण्यात आली. अधिक कडक मर्यादेसाठी जास्त माती उकरावी लागेल, झाडे तोडावी लागतील आणि उतारावरील माती वाहून जाईल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु आवाराला लागूनच पांबार शोला हे जंगल आहे. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होते आणि तो माशांच्या शरीरात साठत जातो. निवासी वापर गृहीत धरून काढलेल्या मर्यादेत मासे आणि जंगल यांचा हिशेब कुठे आहे, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप अधिक मूलभूत होता.

दूषित स्थळांची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे सोपवणारे आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकणारे स्वतंत्र केंद्रीय नियम जुलै 2025 मध्ये अधिसूचित झाले. तोवर कारखाना बंद होऊन 24 वर्षे लोटली होती.