पकड आणि चढाई : बचाव भक्कम असलेल्या संघाची उणीव



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले की तो संतवाङ्मयावर किंवा एखाद्या कादंबरीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती सहसा खरी ठरते. आज विषय मैदानावरचा आहे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आपल्या या टापूत मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच संघातून खेळतात. वर्गात त्यांची पुस्तके वेगळी असतील, पण ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम दोन्ही भाषांत सारखाच घुमतो, त्याला भाषांतर लागत नाही.

प्रश्न असा आहे : ज्या संघाची पकड उत्तम आहे परंतु चढाई दुबळी आहे, त्याने आपली चढाई सुधारावी कशी? बास्केटबॉलमध्येही हा प्रश्न पडतो, आणि तिथे त्यावर पुष्कळ विचार झालेला आहे. त्याचा आधार मी पुढे घेणार आहे. तथापि आपल्या अंगणातला खेळ कबड्डी, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करू.

ग्रामीण शाळांचे संघ बहुधा पकडीत तयार असतात. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पकड ही सात जणांची गोष्ट आहे. एकाने घोट्याला हात घातला की दुसरा कंबर धरतो, तिसरा वाट अडवतो; साखळीत हातात हात असतो आणि चूक झाली तरी ती सगळ्यांत वाटली जाते. त्यात कुस्तीच्या तालमीचा संस्कार अजून गावागावांत आहे. याउलट चढाई एकट्याची. मध्यरेषा ओलांडली की समोर सात जण आणि पाठीशी फक्त स्वतःचा दम. असा एकटेपणा शिकवण्याची सोय आपल्या मैदानावर फारशी नसते. मग संघ एका मुलावर सारी चढाई सोपवतो आणि तो बाद झाला की बाकीचे हताशपणे बाजूला बसलेल्या त्याच्याकडे पाहत राहतात.

बचाव कितीही भक्कम असला तरी त्याला एक मर्यादा आहे. बिदरचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. खडकात खोदलेला तिहेरी खंदक, बुरूज, तोफा, सगळे तिथे होते. १६५७ साली औरंगजेबाने वेढा दिला तेव्हा किल्लेदार सिद्दी मर्जान याने तो निकराने लढवला. तरी आतल्या दारूला आग लागली, किल्लेदार घायाळ झाला आणि सुमारे चार आठवड्यांत किल्ला पडला. आग हा दैवाचा भाग म्हणून सोडून देऊ. परंतु कोणत्या दिवशी आणि कोणत्या बुरुजावर मारा करायचा हे ठरवणे अखेरपर्यंत बाहेरच्याच्या हाती राहिले. फक्त बचाव करणारा वेळ निवडत नाही; त्याच्यासाठी वेळ दुसरा निवडतो.

कबड्डीत तर आपल्याला वेळ निवडण्याचा हक्क नियमानेच दिलेला असतो आणि आपण तो वाया घालवतो. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. तुमची पकड कितीही चांगली असो, तिच्यामुळे तुम्हाला एकही चढाई अधिक मिळत नाही आणि वाईट असली म्हणून एकही कमी होत नाही. सामना चाळीस मिनिटांचा आणि प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंदांची धरली तर एकूण ८० चढाया होतात, म्हणजे प्रत्येकी ४०. आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचे १० किंवा १२ गडी पकडले तर ती उत्तम कामगिरी म्हणावी. पण आपल्या स्वतःच्या चाळीस चढायांपैकी बहुतेक जर निदानरेषा शिवून रिकाम्या परतल्या, तर सामन्याचा मोठा भाग आपण पाहुण्यासारखा घालवला असे होते. शाळांचे कितीतरी सामने एक-दोन गुणांनी जातात. पराभवानंतर आपण निसटलेली पकड आठवून हळहळतो, रिकाम्या गेलेल्या चढाया कोणी आठवत नाही.

रिकामी चढाई निरुपद्रवी असते, हा एक जुना गैरसमज. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे एक नियम घरोघरी पोचला : सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद आणि गुण समोरच्या संघाला. या तिसऱ्या चढाईला निघालेला गडी परत फिरू शकत नाही, हे समोरच्या सातांना ठाऊक असते. ते खोलवर सरकतात, त्याला आत येऊ देतात आणि मग झडप घालतात. म्हणजे दुबळी चढाई आपल्या चढाईपुरतीच दुबळी राहत नाही, ती समोरच्याची पकड फुकटात बळकट करते.

बास्केटबॉलचा इतिहास या ठिकाणी उपयोगी पडतो. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला. पुढे तो व्यावसायिक झाल्यावर काही संघांनी चेंडू नुसता स्वतःकडे ठेवून वेळ काढण्याची युक्ती काढली. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस या संघांतला सामना १९ विरुद्ध १८ अशा गुणांवर संपला. प्रेक्षक कंटाळले. १९५४ साली नियम आला की चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे फेक झालीच पाहिजे. आपल्या तिसऱ्या चढाईच्या नियमाचा हा थोरला भाऊच म्हणायचा. दोन्ही खेळांनी बचावाच्या आडोशाला बसून राहण्याची मुभा काढून घेतली.

या नव्या नियमानंतर ज्या संघाने सर्वाधिक यश मिळवले तो बचावासाठीच प्रसिद्ध होता, ही गोष्ट मला मोठी बोधक वाटते. बोस्टन सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली. त्यांचा आधारस्तंभ बिल रसेल हा प्रतिस्पर्ध्याची फेक हवेत अडवण्यात निष्णात होता. दुसरे खेळाडू असा चेंडू जोरात फटकावून मैदानाबाहेर घालवत. प्रेक्षक टाळ्या वाजवत आणि चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जाई. रसेल तो शक्यतो मैदानात, आपल्या सहकाऱ्याच्या आवाक्यात राहील असा अडवी आणि त्या क्षणी सहकारी पलीकडच्या टोकाकडे धावत सुटत. बचाव तिथे थांबत नसे, आक्रमणाचे पहिले पाऊल होऊन तो पुढे जाई.

कबड्डीत असे पहिले पाऊल कोणते? पकडीनंतरची चढाई. पकड यशस्वी झाली की एक गुण मिळतो, आपला एखादा बाद गडी उठतो आणि समोर एक गडी कमी होतो. लगेच आपली पाळी असते. आपल्या शाळांच्या संघांत या क्षणी काय चालते? एकमेकांच्या पाठी थोपटल्या जातात, आणि ज्याची पाळी म्हणून ठरलेली असते तो, श्वास फुललेल्या अवस्थेत, सवयीने निघतो. खरे तर समोरचा संघ या वेळी विस्कटलेला असतो. त्यांचा उत्तम चढाईपटू बाहेर बसलेला असतो, जागा बदललेल्या असतात, कोपऱ्यात कोणी नवखा उभा असतो. पकड झाल्यावर कोण जाणार, हे आधीच ठरलेले असावे आणि तो गडी पकडीच्या झटापटीत शक्यतो नसावा.

समोर किती जण उरले आहेत याचे भान हा यातला सर्वांत कसाचा भाग आहे. समोर सहा किंवा सात जण असताना बोनस रेषेचा गुण मिळू शकतो. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानावर निदानरेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. महिलांच्या १२ बाय ८ मीटरच्या मैदानावर ही अंतरे ३ आणि ४ मीटर. मागचा पाय हवेत ठेवून पुढचा पाय त्या रेषेपलीकडे टेकवायचा. या गुणाने गडी उठत नाही, पण चढाई रिकामी जात नाही आणि तिसऱ्या चढाईचा फास टळतो. समोर पाच किंवा चार उरले की बोनस बंद होतो, मात्र गड्यांमधली अंतरे वाढतात; हाताने किंवा पायाने गडी टिपण्याची वेळ तीच. तीन किंवा त्याहून कमी उरले की मोह आवरावा लागतो, कारण त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. लोण देण्याच्या उतावळेपणात जिंकलेला सामना घालवण्याची हीच जागा. सातांपुढे आणि तिघांपुढे एकाच पद्धतीने जाणारा गडी कितीही चपळ असला तरी त्याला चढाईपटू म्हणायला मी कचरतो.

आता जवळचे उदाहरण. पुणेरी पलटण हा संघ डिसेंबर २०२२ मध्ये प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९ विरुद्ध ३३ असा हरला. पुढच्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, त्याने हरियाणाला २८ विरुद्ध २५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते आपल्या कर्नाटकाचे बी. सी. रमेश. त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट बचावपटू, इराणचा मोहम्मदरझा शादलू, पलटणचाच होता. पकडीचे त्याचे ९९ गुण झाले. परंतु चढाईत सर्वाधिक गुण मिळवणारा आशू मलिक हा दिल्लीच्या संघातला होता. विजेत्यांकडे सर्वांत मोठा चढाईपटू नव्हता! त्यांच्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे अनेक होते. अस्लम हा अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, पण संघ त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हता. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या सुमारास चार गुणांची निर्णायक चढाई केली ती पंकज मोहितेने.

बचाव चांगला असलेल्या संघाला असे तीन-चार मध्यम चढाईपटू का पुरतात, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक पकडीने एक बाद गडी उठतो. म्हणजे चांगली पकड करणारा संघ आपल्या चढाईपटूंना फार काळ बाहेर बसू देत नाही. बाद होण्याची किंमत त्यांना इतरांपेक्षा कमी पडते, म्हणून त्यांनी इतरांपेक्षा अधिक धाडस करायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते. बचावाचा अभिमान असलेला संघ चढाईतही जपून राहतो. ज्याच्याजवळ पुंजी आहे तोच खर्चाला भितो, हा व्यवहारातला नियम इथेही दिसतो. याचा दोष मुलांना देऊ नये. चढाईत बाद होऊन आलेल्या मुलाला बाहेरून जे बोल ऐकावे लागतात, ते एकदा ऐकले की तो पुढच्या वेळी निदानरेषा शिवून परततो, आणि असे परतल्याबद्दल त्याला कोणी काही बोलत नाही.

चढाईपटू आणायचे कुठून? बाहेरून आणण्याची सोय शाळेला नसते, आणि गरजही नाही. कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा दररोज चढाईच पाहत असतो. कोणता पाय आधी आत येतो, नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे कसा जातो, घोटा केव्हा सापडतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याला सरावात उलट बाजूला उभे करा. ज्या चुकीवर तो इतरांना पकडतो ती चूक तो स्वतः करणार नाही. मात्र एक पथ्य पाळावे. सामन्यात दोन्ही कोपरे सांभाळणारे गडी लागोपाठ चढाईला पाठवू नयेत. ते बाद झाले तर ज्या पकडीच्या जोरावर हे सारे चालले आहे तिचाच कणा मोडतो. मधल्या जागांवरचे गडी आधी तयार करावेत. कोपऱ्यातल्या एकाला, समोरच्यांना अपेक्षा नसताना, क्वचित सोडावे.

शाळेच्या गुणपत्रकात आज चढाईचे गुण आणि पकडीचे गुण लिहिले जातात. त्यात आणखी तीन रकाने आखावेत : रिकामी चढाई कोणाची, त्या वेळी समोर किती गडी होते, आणि ती पकडीनंतरची चढाई होती काय. वही एखाद्या राखीव खेळाडूच्या हाती द्यावी. पाच-सहा सामन्यांनंतर ती उघडून मुलांसमोर ठेवली, की पुढच्या सरावात काय करायचे यावर क्रीडाशिक्षकांना फारसे बोलावे लागणार नाही.