कान ठीक आहेत, तरी कळत का नाही?

ओपीडी संपत आली होती. आमच्याच वॉर्डातल्या एक सिस्टर केसपेपर घेऊन आत आल्या. "सर, कानांची तपासणी लिहून द्या. मला कमी ऐकू येतंय." वय छत्तीस, नऊ वर्षे कंत्राटावर. ऑडिओग्राम अगदी नॉर्मल आला. तो पाहून त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांत पाणी आले.

मग खरे कारण समजले. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करण्यासाठी त्यांनी ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजी परीक्षा दिली होती. वाचणे, लिहिणे, बोलणे जमले. ऐकण्याच्या विभागात मात्र ५०० पैकी ३५० गुण लागतात, तिथे दोनदा अडकल्या. फी एका पगारात मावत नाही. तेव्हा दोष कानाचाच असणार, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

कान आवाज आत पोहोचवतो. त्यातून शब्द वेगळे काढणे हे मेंदूचे काम, आणि मेंदू ते फार लहानपणी शिकतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना ते जमेना. रोज कानावर न पडणारा फरक मेंदू सोडून देतो. आपण 'ताक' आणि 'टाक' यांत कधीच गोंधळत नाही. पण इंग्रजीतली बंडी आणि पश्चिम दिशा हे दोन्ही शब्द आपल्याला 'वेस्ट'च ऐकू येतात. लिहितोही तसेच.

त्यात आपण इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी, पुस्तकातून. 'कम्फर्टेबल'ची चारही अक्षरे आपण नीट उच्चारतो. इंग्रज माणूस 'कम्फ्टबल' म्हणून मोकळा होतो. जोर नसलेले स्वर तो गिळतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक बराचसा जोर कुठे पडतो यावर असतो. वॉर्डात फोनवर डोस ऐकताना १५ आणि ५० मिलिग्रॅम यांत गल्लत झाली, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून 'एक-पाच' असे आकडे सुटे करून उलट म्हणून दाखवण्याची पद्धत आहे. ही परीक्षा मला अडवणूक वाटत नाही ती यामुळेच.

शब्द माहीत असणेही पुरत नाही. तिथला वयस्कर रुग्ण लघवीच्या तक्रारीला 'वॉटरवर्क्स' म्हणतो. आपल्याकडची 'कणकण' तरी वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात आहे? नवा डॉक्टर ती रुग्णांकडूनच शिकतो.

ओईटीत ऐकण्याचे ४२ प्रश्न असतात. त्यांतले २४ रुग्णाशी झालेल्या दोन संभाषणांवर, टिपणातल्या गाळलेल्या जागा भरण्याचे. सगळे एकदाच ऐकवतात. सिस्टरांची तयारी म्हणजे रात्रपाळीहून आल्यावर इअरफोन लावून दोन-तीन तास सराव चाचण्या सोडवणे. एक जागा हुकली की त्या तिचाच विचार करत बसत, तोवर पुढच्या दोन निघून जात. जागरणाने थकलेल्या मेंदूचे लक्ष टिकत नाही. मी त्यांना झोप काढून, ताज्या डोक्याने रोज अर्धा तासच बसायला सांगितले. पाच मिनिटांचा एक तुकडा न थांबवता एकदा ऐकायचा आणि लिहायचे. हुकले ते सोडून पुढे जायचे. मग छापील मजकूर काढून सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, तेवढेच पुन्हा ऐकायचे आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणायचे. खरी सुधारणा या रेघांतून होते. नुसत्या चाचण्यांमागून चाचण्या सोडवून तेच शब्द पुन्हा सुटत राहतात.

आवाजही बदलते हवेत. 'र' आणि 'ल' यांत गोंधळणाऱ्या जपानी लोकांना अनेक माणसांच्या आवाजांत सराव दिल्यावर फरक पडला होता. मालिका पाहायच्या तर खालची अक्षरे इंग्रजीच ठेवावीत. २००९ साली डच विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात इंग्रजी अक्षरांमुळे अनोळखी ढब समजायला मदत झाली. मातृभाषेतल्या अक्षरांनी उलट अडथळा केला.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून. समजत नाही म्हणून आवाज वाढवू नका. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानात शिट्टी वाजत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, किंवा मराठीतले बोलणेही पुन्हा विचारावे लागत असेल, तर मात्र तपासणी करून घ्या. कधी नुसता मळ निघतो. तो काडीने कोरू नका.

सिस्टरांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. परवा राउंडला त्यांनी वही दाखवली. पहिल्या पानांवर ओळीओळीला रेघा होत्या, शेवटच्या पानावर सात. त्यांतली एक 'वॉटरवर्क्स'खाली.