शेवटच्या कडव्यातले नाव

एप्रिल महिना लागला की आपल्या वस्तीत, बुद्धविहारात, मिरवणुकीत आणि लग्नाच्या मांडवातसुद्धा भीमगीते वाजू लागतात. लहान मुलांना ती तोंडपाठ असतात. पण एखाद्या मुलाला विचारून पाहावे, "हे गाणे कोणाचे?" तो गायकाचे नाव सांगेल, नाहीतर ज्या कंपनीने ते काढले तिचे. ज्याने ते शब्द जुळवले, त्याला चाल दिली आणि बहुतेक वेळा प्रथम स्वतःच्याच गळ्यातून गायले, त्याचे नाव दहांतल्या एखाद्यालाच ठाऊक असते. सदर लेखात अशा कवी-गायकांविषयी लिहावयाचे आहे. कोणा कंपनीच्या, राजाच्या वा देवस्थानाच्या पदरी न राहता ज्यांनी आपली गाणी आपणच रचली व आपणच गायिली, ते कोठून आले, त्यांचा सूर कोठून आला आणि त्यांचे नाव का पुसले जाते, एवढाच विषय आहे.

मी पेशाने बँकेतला कारकून. सहीशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही, हे रोजचे पाहणे. त्यामुळे असेल, पण आपल्या गीतपरंपरेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात रचनाकार आपले नाव गुंफतो, ती त्याची सही. ही चाल फार जुनी आहे. चोखोबांच्या अभंगाखाली 'चोखा म्हणे' येते. त्यांच्या पत्नी सोयराबाई आपली ओळख 'चोख्याची महारी' अशी देतात. चोखोबांचा अंत १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते, ज्याच्या नावावर जमिनीचा कागद नव्हता, त्याचे नाव सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकले ते केवळ अभंगाच्या शेवटच्या चरणात बसल्यामुळे. पुढे शाहिरांनी पोवाड्यात आणि लावणीत हीच रीत चालविली.

आपल्या लोकांच्या गाण्याचे दुसरे मूळ तमाशात आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग हा त्याचा क्रम. ढोलकी, तुणतुणे, कडे, झांज ही वाद्ये. वाजविणारे आणि नाचणारे बहुतांशी महार-मांग समाजातले, आणि पाहणारा सगळा गाव. कला होती, मान नव्हता. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगतात. त्या तमाशाचे आकर्षण पवळाबाई होत्या, आणि त्या आपल्याच समाजातल्या. समाजाच्या लेकीला नाचवून आलेला पैसा समाजाच्या लढ्याला नको, असा त्या नकाराचा अर्थ लावला जातो. पवळाबाईंच्या कलेला त्यात न्याय मिळाला का, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. परंतु पुढच्या जलशांनी कोणती वाट धरली ते या हकीकतीवरून कळते.

सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. त्याच्या प्रचारासाठी जे जलसे निघाले त्यांनी तमाशाचा सांगाडा ठेवला व आतला मजकूर बदलला. गणात गणपतीऐवजी 'गण' म्हणजे लोक असा अर्थ आला. गवळणीतली छेडछाड गेली आणि बतावणीत भट-सावकाराची उलटतपासणी आली. त्याच वळणावर १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांत नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्या दहा सभा आणि कर्डक मंडळींचा एक जलसा सारखाच, असे खुद्द बाबासाहेब म्हणत, असे सांगितले जाते. कर्डकांनी या सर्व चळवळीची हकीकत 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात १९७८ साली लिहून ठेवली. विद्यार्थीमित्रांनी ते पुस्तक मिळवून अवश्य वाचावे.

जलसा हा संच होता. त्यातून एकट्याने वाट काढली ती वामनदादा कर्डक यांनी. (दोघांचे आडनाव एक, जिल्हाही एक, पण माणसे वेगळी. पुष्कळदा गल्लत होते म्हणून सांगितले.)

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. घरची गरिबी. पुढे आईबरोबर मुंबईस आले, मिळेल ती मजुरी केली, समता सैनिक दलात गेले. तोवर अक्षरओळख नव्हती. एकदा कोणीतरी त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखव म्हणाले. ते त्यांना वाचता येईना आणि रडू कोसळले, अशी आठवण सांगतात. मग एका मास्तरांकडून ते बाराखडी शिकले, आणि जोडाक्षरे शिकले ती रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता. १९४३ साली त्यांनी पहिले गीत केले, तेही एका हिंदी गाण्यावरून केलेले विडंबन. वयाच्या विशीपर्यंत निरक्षर असलेल्या या माणसाने पुढे हजारो गीते लिहिली, गझलही लिहिली. आपल्याकडे काहीजण 'लोककवी' ही पदवी ऐकून हा कच्चा कवी असावा असे समजतात. त्यांनी दादांची एखादी गझल मात्रा मोजून पाहावी.

दादांनी नोकरी धरून ठेवली नाही. गावोगाव हिंडणे, कार्यकर्त्याच्या घरी उतरणे, रात्री कार्यक्रम, आणि पुष्कळदा तिथेच नवे गाणे. मानधन ठरलेले नसे. संसाराचे सुख त्यांना फारसे लाभले नाही. मुलगी लहानपणीच गेली. हे सारे त्यांच्या 'माझ्या जीवनाचं गाणं' या आत्मकथनात आहे. गीतांचे संग्रह निघाले, परंतु जेवढे छापले गेले त्याहून पुष्कळ शिष्यांच्या वह्यांत राहिले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता चालीविषयी. पुष्कळ सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात की भीमगीतांच्या चाली सिनेमाच्या असतात. काही असतात हे खरे. पण त्यामागचे कारण समजून घ्यावे. गायकाजवळ पेटी, ढोलकी आणि दोन साथीदार. समोर दिवसभर राबून आलेले लोक, कागद कोणाच्याच हाती नाही. चाल ओळखीची असली की ध्रुवपद दुसऱ्या फेरीतच सगळी सभा उचलते. शब्द नवे, विचार नवा, मग निदान सूर तरी ओळखीचा असावा. शिवाय भजनाचा ठेका, पोवाड्याची उसळी, कव्वालीतले टाळ्यांचे आवर्तन, जात्यावरच्या ओवीची लय, हे सगळे त्यात मिसळलेले आहे. कव्वालीचा सामना तर आपल्याकडे एका काळी पहाटेपर्यंत चाले. एका पार्टीने प्रश्न टाकायचा, दुसरीने जागच्या जागी रचून उत्तर द्यायचे. ज्याला स्वतः रचता येत नसे तो तिथे उभाच राहू शकत नसे.

कॅसेट आल्यावर या धंद्याचे रूप पालटले. गाणे घरोघर पोहोचले ही जमेची बाजू. पण कॅसेटला वेळेचे माप होते. सहा-सात कडव्यांचे गाणे तीन-चार कडव्यांत बसवायचे, तर कात्री बहुधा शेवटाकडे चाले, आणि शेवटच्या कडव्यातच तर नाव! 'वामन' हा शब्द असलेले कडवे गळले की गाणे अनाथ झाले. काही गायक त्याहून पुढे गेले. त्यांनी जुन्या रचनाकाराच्या जागी आपले नाव बसविले. मात्रा जुळल्या की झाले! याला मी तरी चोरीच म्हणेन.

विद्यार्थी व होतकरू गायकांच्या माहितीसाठी कायदा थोडक्यात सांगतो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात एका गाण्यात चार निरनिराळे हक्क धरले आहेत. शब्द हे साहित्य, त्याचा हक्क कवीचा. चाल हे संगीत, तो हक्क चाल बांधणाऱ्याचा. ध्वनिमुद्रण तिसरे, ते निर्मात्याचे. गायनाचा हक्क चौथा, तो गाणाऱ्याचा. जो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो व स्वतः गातो, त्याच्याकडे यांतले तीन हक्क आपसूक असतात. ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चाने केले तर चारही. चाल मात्र सिनेमाची उचलली असेल तर ती दुसऱ्याची, हे ध्यानात ठेवावे. नोंदणी सक्तीची नाही. गीत रचले त्या क्षणी हक्क उत्पन्न होतो. शब्द-संगीताचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत आहे.

हक्क दुसऱ्यास द्यायचा तर करार लेखी हवा. तोंडी सौदा हस्तांतरण ठरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. आमच्याकडे एक होतकरू शाहीर चेक वटवायला आला होता. सोबत कराराचा कागद होता, सही केलेली होती, पण वाचलेला नव्हता. त्याला तिथेच बसवून कलमे वाचून दाखवावी लागली. मागे रांग खोळंबली, साहेबांनी डोळे वटारले, ते असो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर ध्वनिमुद्रणाच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला कवी व संगीतकाराचा समान वाटा त्यांना सहीनिशीही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अधिकृत कॉपीराइट संस्थेस देता येतो. आणि कलम ५७ असे सांगते की हक्क विकला तरी 'हे मी रचले' असे म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. आपल्या हौशी मंडळाने जयंतीला पैसे न घेता गाणे गायिले तर त्यास आडकाठी नाही. मुद्रित करून विकणे ही गोष्ट वेगळी.

कायदा हा असा. पण ज्यांच्या नावाला कागदच नव्हता त्यांचे काय झाले? शाहीर विठ्ठल उमप यांची वाट त्यातल्या त्यात उजेडाची. १५ जुलै १९३१ रोजी मुंबईत नायगावला जन्म, भारुडापासून कव्वालीपर्यंत सगळे प्रकार गळ्यात, 'जांभूळ आख्यान' तर देशभर गाजले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच त्यांचे प्राण गेले. विलास घोगरे यांच्या वाट्याला हा उजेड आला नाही. ते झोपडपट्टीत राहिले, कामगारांची व वस्तीची गाणी रचून गात राहिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडमधल्या आपल्या घरी घोगऱ्यांनी जीवन संपविले. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो आनंद पटवर्धन यांच्या १९८५ मधील मुंबईवरील माहितीपटामुळे आणि २०११ मधील 'जय भीम कॉम्रेड'मुळे. कॅमेरा तिथे गेला नसता तर त्यांची गाणी सोबत्यांच्या स्मरणावरच अवलंबून राहिली असती.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यातल्या कवयित्रींना कोणी कवयित्री म्हणत नाही. जात्यावर बसून स्वतः ओवी जोडणाऱ्या व स्वतःच गाणाऱ्या बायांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. ओवीत नाममुद्रा घालण्याची रीत बहुधा नसते. म्हणून संग्रह करणाऱ्यांनी ते काम केले : ओवी कोणी म्हटली आणि ती बाई कोणत्या गावची, हे शब्दांबरोबरच नोंदवून ठेवले.