कंटेनर भरायचा दिवस

फेब्रुवारी, दिंडोरी तालुका. शेतकरी उत्पादक कंपनीचं पॅकहाऊस, युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा ऐन हंगाम. मी इथला व्यवस्थापक.

पहाटे ५.१५

चहा होईपर्यंत मोबाइलवर बागांमधली वेदर स्टेशनं बघून घेतो. आज चार प्लॉटचा खुडा धरलाय. नदीकडच्या दोन बागांत पान रात्रभर ओलं दाखवतंय, म्हणजे घडावर दव असणार. ओला मणी पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीत, गेला की वाटेत बुरशी ठरलेली. मुकादमाला फोन लावतो: "आधी माळावर नानांकडं उतरा. खाली दहानंतर, घड सुकल्यावर." हेच पूर्वी बागेत पोचल्यावर, घडाला हात लावून कळायचं, आणि तोवर टोळीची हजेरी लागलेली असायची.

सकाळी ६.४५

नानांची थॉमसन द्राक्षांची बाग. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांची टोळी देठाला धरून घड कापतेय. मण्याला बोट लागलं तर वरची लव पुसली जाते आणि माल शिळा दिसतो. मी वेलीच्या वरचे, मधले, खालचे मणी घेऊन ब्रिक्स, म्हणजे गोडी, बघतो. सतरा. मणीही सोळा मिलिमीटरच्या वर आहे. प्रत्येक क्रेटवर प्लॉट क्रमांकाचं स्टिकर लागतं.

"पंधरा दिवसांपूर्वी भुरी दिसली होती, भाऊ," नाना म्हणतात. "दुकानदार म्हणाला, एक फवारा मारा, कुणाला कळतंय. नाही मारला."

कळलं असतं. २००३ मध्ये युरोपात कीडनाशकांच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं अडली, आणि त्यातून पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेष तपासणीची व्यवस्था उभी राहिली. पुढे अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाचं, ग्रेपनेट हे संगणकीय जाळं आलं. आता खुड्याआधी प्लॉटमधून नमुना जातो, अहवाल संगणकावर चढतो, आणि नापास प्लॉटचा माल युरोपच्या कंटेनरला लागत नाही. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर माफी नसते.

तरी २०१० चा हंगाम बुडालाच. क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाईतदारांच्या तोंडचं लिहोसिन, वाढ रोखायला सर्रास वापरलं जायचं. ते आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हतं. तिकडच्यांनी तपासलं आणि माल अडकला. यंत्रणा होती, पण तिला जे शोधायला सांगितलं होतं तेवढंच ती शोधत होती. दर हंगामाआधी यादी पुन्हा वाचायची सवय तेव्हापासूनची.

सकाळी ९.३०

पॅकिंग हॉल. टोप्या, मास्क, हातमोजे. टेबलावर कात्रीनं तडकलेले, बारके, गुलाबी छटा मारलेले मणी काढायचे, अर्ध्या किलोची पनेट भरायची, दहा पनेटचा बॉक्स. बॉक्सच्या लेबलवर प्लॉट, तारीख, टेबल आणि भरणारीचा क्रमांक.

या क्रमांकावर कुरकुर आहे. "साहेब, तिकडं गोऱ्याला खराब मणी सापडला तर माझा नंबर दिसतो. मग चांगला निघाला तर दिसत नाही का?" एक मावशी विचारते. प्रश्न बिनतोड आहे. क्रमांक आम्ही तक्रार शोधायला बसवला, शाबासकी शोधायला त्याचा उपयोग कुणी केला नव्हता. ज्या टेबलांवर हंगामभर तक्रार येणार नाही त्यांना बक्षीस द्यायचं, एवढं वहीत टिपून ठेवतो. संचालक मंडळापुढं ठेवायचंय.

दुपारी १२.००

ऑफिस. इथली जोखीम झाडावर दिसत नाही.

पहिली जहाजाची. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले, आणि सुएझनं जाणारी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. न्हावा शेवा ते रॉटरडॅम दहा-पंधरा दिवसांनी लांबलं, भाडंही चढलं. द्राक्ष नाशवंत, जास्तीचे दिवस देठाच्या हिरवेपणातून वजा होतात. तेव्हापासून मार्ग कुठलाही असो, लांब प्रवास टिकेल असाच घट्ट मण्याचा माल कंटेनरला काढतो. बाकीचा देशी बाजाराला.

दुसरी युरोची. माल आज भरला तरी पैसे यायला महिने लागतात. अपेक्षित रकमेचा काही भाग बँकेत फॉरवर्डनं बांधून टाकतो. सगळा बांधत नाही, कारण माल तिकडं कमी भरला तरी बँकेला कबूल केलेले युरो द्यावेच लागतात.

तिसरी गिऱ्हाइकाची. किमान हमीभाव कबूल केलेला आयातदार बुडाला तर? त्यासाठी ईसीजीसीचा विमा. १९५७ पासून हे सरकारी महामंडळ निर्यातदाराच्या उधारीची जोखीम उचलतंय. पण गिऱ्हाईक "माल खराब आला" म्हणून वाद घालू लागला, तर तो वाद मिटेपर्यंत विम्याचं गाडं पुढं सरकत नाही. म्हणजे पुरावा आपल्याच हातात हवा.

दुपारी २.१५

पनेट पुरवणाऱ्याची मेल: 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे या खात्यावर पाठवावेत.' लेटरहेड तोच, सही तीच, भाषा जरा जास्तच गोड. अकाउंटवाला पोरगा मेलला उत्तर देऊ बघतो. त्याला थांबवून डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन लावायला सांगतो. पलीकडून उत्तर येतं, "खातं? कुणी बदललं?"

पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर धाव घ्यावी लागली असती. या धोक्यावर आमच्याकडं सॉफ्टवेअर आहे, पण खरं कुलूप म्हणजे तो फोन. खातेबदल मेलवरून मान्य करायचा नाही, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय.

दुपारी ४.००

प्रिकूलिंग. बागेतून आलेल्या मण्याच्या पोटातली ऊब सहा-आठ तासांत शून्याजवळ आणायची असते. खोलीचा काटा शून्य दाखवतो तेव्हाही मणी आतून गरम असू शकतो, म्हणून सुईचा थर्मामीटर मण्यात खुपसूनच बघायचं. एवढ्यात लाइट जाते. जनरेटर उचलतो, पण मोबाइलवर इशारा येऊन पडलेला असतो: खोली २, वीज खंडित, वेळ अमुक. हा इशारा मला येतो, तसाच नोंदीतही राहतो. उद्या ऑडिटर तो उघडून विचारणार.

संध्याकाळी ६.३०

कंटेनर आला. आज यात चढतोय तो आधीच थंड होऊन कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवलेला माल. कंटेनर तपासल्याचं स्टिकर, आतली स्वच्छता, हवेच्या झडपा, सेटिंग, सगळं बघून फोटो. प्रत्येक बॉक्समध्ये सल्फर डायऑक्साइडचा पॅड आहे का, अधूनमधून उघडून बघतो. तापमान नोंदवणारा एक लॉगर पुढच्या पॅलेटमध्ये, एक दाराजवळच्या. दार बंद, सील, सीलचा क्रमांक कागदावर. ड्रायव्हरला जेनसेटचं डिझेल दाखवून घेतो. "कसारा उतरताना जेनसेट बंद पडला तर आधी मला फोन, मग मेकॅनिकला."

रात्री ८.३०

तिकडं दुपारचे चार. आधीच्या एका कंटेनरचा तपासणी अहवाल आला: काही बॉक्समध्ये देठ तपकिरी, मणी गळतोय. सोबत फोटो, आणि दरात कपात मागणारी दोन ओळींची मेल.

लॉगरचा आलेख उघडतो. सगळा प्रवास सरळ रेष, मधे जहाज बदललं तिथं एक चढ. काही तास कंटेनरला वीज मिळालेली नाही. त्याचा दावा जहाज कंपनीवर आणि विम्यावर लावता येईल. पण फोटोतल्या बॉक्सचे क्रमांक लावून बघितले, तर सगळे खराब बॉक्स एकाच प्लॉटचे. त्याच चढातून गेलेले बाकीचे प्लॉट धडधाकट आहेत. म्हणजे मालच नाजूक होता. शेतकऱ्याचं नाव समोर आहे.

पूर्वी असं नुकसान सगळ्यांत विरून जायचं. कुणाचा माल खराब निघाला हे कुणालाच ठाऊक नसायचं, म्हणून सगळ्यांचा भाव थोडा थोडा कमी व्हायचा. आता प्लॉट कळतो, टेबल कळतं, तास कळतो. बाकीचे सभासद उद्या रास्तपणे विचारतील, त्याच्या देठासाठी आमचे पैसे का कापता? आणि ज्याचे कापायचे तो विचारेल, मग तुमची कंपनी आणि व्यापारी यात फरक काय? उत्पादक कंपनीत एका सभासदाला एक मत असतं. माल कितीही असो, जोखीम वाटून घेण्यासाठीच माणसं इथं एकत्र आलीत. दोष कुठं आहे ते यंत्र सांगतं, भार कुणी उचलायचा ते माणसांना बसून ठरवावं लागतं.

त्या प्लॉटची फवारणी आणि पाण्याची वही मागवतो. खुड्याआधी पाणी तोडायला सांगितलं होतं, ते तोडलेलं दिसतंय. मग अवकाळी पाऊस झाला. वेदर स्टेशनच्या नोंदीतही तो आहे. हलगर्जी नाही.

रात्री ९.४५

मंडळासाठी टिपण लिहितो, तीन ओळींत. सूचना डावलून झालेलं नुकसान ज्याचं त्याच्या खात्यावर. पावसानं, जहाजानं, बाजारानं केलेलं नुकसान सगळ्यांत, मालाच्या प्रमाणात. आणि हा नियम खुडा सुरू होण्याआधी, नावं माहीत नसताना ठरवायचा. नाव कळल्यावर ठरवलेल्या नियमावर कुणाचा विश्वास बसत नाही.

या कंटेनरपुरतं मी "सगळ्यांत" असं लिहितो, खाली पावसाची नोंद जोडतो आणि पाठवतो. भांडण होईल. होऊ दे, कागद पुरा आहे.